पाच पानांचा करार

“आधी पाणी पी,” अण्णा म्हणाले. “सावकाश पी. घाईनं पितोस आन् मग ठसका लागतोय तुला.”

आक्कानं तांब्याचा पेला माझ्यापुढं धरला. मी घाईनंच प्यायलो आणि नेहमीप्रमाणं ठसका लागला. अण्णा गालातल्या गालात हसले. त्यांनी मांडी घातली, पाठ भिंतीला टेकवली आणि मान किंचित वाकडी केली. ऐकायला बसले की ते असेच बसायचे.

“हं. कर सुरुवात. पान पहिलं.”

मी फाइल उघडली आणि कागद बाहेर काढला.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. त्या दिवशी माझा हात थरथरत होता की नव्हता, हे मी अजून आठवून बघतो. नव्हता, असंच वाटतं.

अण्णा, म्हणजे महिपती तांबट, आमचे खालचे भाडेकरू. सांगलीत विश्रामबागला वडिलांनी बांधलेलं आमचं घर, वर आम्ही आणि खाली दोन खोल्यांत अण्णा आणि त्यांची बायको आक्का. अण्णा एसटीत कंडक्टर होते. मूलबाळ नव्हतं. आक्का कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घ्यायची, त्यामुळं उन्हाळ्यात आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा जिन्यातच चार वेळा शिंकायचा. अण्णांना साखरेचा आजार होता. त्यानं आधी एक डोळा नेला आणि वर्षभरात दुसरा. तेव्हा मी दहावीत होतो.

डोळे गेल्यावर महिनाभर अण्णा कॉटवरून उठले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची टोपणं त्यांनी कुठून तरी गोळा केली होती. “दिगू, हातोडी आण वडलांची,” म्हणाले. कमरेच्या उंचीवर, जिथं चालता चालता हात आपोआप जातो तिथं, मी ती टोपणं ठोकून दिली. स्वयंपाकघराच्या दाराला एक, मागच्या दाराला दोन, न्हाणीच्या भिंतीला तीन. मधली पावलं अण्णांनी मोजली. कॉटपासून दार सात, दारापासून पेरूचं झाड अकरा. दोन महिन्यांत ते स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला लागले, तोही उतू न घालवता. मला तर चाळीस वर्षांचा होईतो ते जमलं नाही.

“भाईर गेलं की मी आंधळा हाय,” ते म्हणायचे. “ह्या घरात न्हाई.”

ते खरंच होतं. नवखा माणूस आला तर पहिला अर्धा तास त्याला कळायचंसुद्धा नाही. माझं पाऊल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडलं की आतून हाक यायची, “काय रं दिगू, आज चप्पल तुटली व्हय?” आणि चप्पल तुटलेली असायची.

करार दर अकरा महिन्यांनी व्हायचा. वडील सरकारी कचेरीत नोकरीला, सगळं कागदोपत्री नीट पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. अण्णांना दिसेनासं झालं, आक्काला सहीपुरतीच अक्षरं येत होती, म्हणून करार वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. पंधरा वर्षं मी ते केलं. पहिलं पान जाड, मुद्रांकाचं. पुढची चार साधी. एकूण पाच पानं आणि सोळा कलमं.

तो आमच्या दोन्ही घरांचा एक सणच होऊन बसला होता. आक्का शिरा करायची. वडील दारात उभे राहून खोट्या रागानं म्हणायचे, “मुदत संपली तांबट. निघा आता.” अण्णा तिथंच फतकल मारायचे. “बसलो बघा. काढा भाईर!” मग दोघं पोट धरून हसायचे. नववं कलम आलं की मी मुद्दाम आवाज चढवायचो, “भाडेकरूने भिंतींना खिळे ठोकू नयेत!” अण्णा हात लांब करून जवळचं टोपण चाचपायचे आणि म्हणायचे, “कुणी ठोकलं म्हणायचं हे? धरा त्याला.” आई पदर तोंडाला लावून हसायची. मग वडील म्हणायचे, “नववं कलम वगळून पुढं चला.” दर अकरा महिन्यांनी तोच विनोद आणि तेच हसणं. एकदा मी सहावं कलम गाळलं, तर अण्णांनी बोट वर केलं, “सहाव्या स्टॉपवर गाडी थांबली न्हाई.” सगळा करार त्यांना तोंडपाठ झाला होता. मलाही झाला होता.

वडील गेले. आई पुण्याला ताईकडं राहायला गेली. मी तिशीचा, नवं लग्न झालेलं, आणि माझ्यामागं एक बिल्डर लागला. जुनं घर पाडून तीन मजले उठवायचे, वरचा मजला पूर्ण माझा. त्याची अट एकच, पाडव्याला भूमिपूजन आणि त्याआधी जागा मोकळी. आमची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. म्हटलं, चांगला योग आहे.

मी वकिलांकडं गेलो.

“मुदत संपली की त्यांनी जागा सोडायची, हे खरं,” वकील म्हणाले. “पण नाही सोडली, तर तुम्ही परस्पर कुलूप लावू शकत नाही. सामान बाहेर काढू शकत नाही. नळ, वीज तोडू शकत नाही. रीतसर अर्ज करायचा. त्यांना नोटीस जाणार, त्यांचं म्हणणं ऐकून घेणार, मग हुकूम होणार.”

“किती दिवस लागतात?”

“सहा महिने धरा. वर्षही लागेल. म्हातारा माणूस आहे, डोळ्यांनी दिसत नाही म्हणता. त्यानं दुसरं घर बघायला वेळ मागितला, तर त्याला वेळ मिळेल. मिळायलाच पाहिजे.”

“दुसरा काही मार्ग?”

“आहे की. त्यांच्याशी बोला. स्वखुशीनं ताबा सोडतो असं लिहून देत असतील, तर प्रश्नच मिटला.”

वकिलांनी बोला म्हणून सांगितलं होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर अण्णा वेळ मागतील, ही मला भीती. आणि अण्णांनी मागितल्यावर मला नाही म्हणता येणार नाही, ही त्याहून मोठी भीती. म्हणून मी टायपिंगवाल्याकडं गेलो, एक कागद तयार करून घेतला आणि त्या रविवारी खाली उतरून आक्काच्या हातचं पाणी प्यायलो.

फाइलीत तो एकच कागद होता. ‘आम्ही खाली सही करणार, सदर जागेचा ताबा फेब्रुवारीअखेर स्वखुशीने सोडत आहोत. त्याबाबत आमची कसलीही तक्रार नाही.’ सगळ्या मिळून सात ओळी.

मी त्या सात ओळींकडं बघत पाच पानं वाचली.

“भाडेकरार. लिहून देणार, वगैरे वगैरे,” मी सुरुवात केली. पहिलं कलम, दुसरं कलम. पाठच होतं, जीभ चालत राहिली. मधूनमधून मी तो कागद उलटा करायचो, पुन्हा सुलटा करायचो, पान उलटल्याचा आवाज व्हावा म्हणून. आतून तुपात रवा भाजल्याचा वास येत होता. नववं कलम आलं. मी ते नेहमीच्या आवाजात म्हणून टाकलं आणि पुढं गेलो. अण्णांचा हात टोपणाकडं जायला निघाला होता, तो परत मांडीवर आला.

“वडलांची याद आली व्हय?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

सोळावं कलम संपलं. अण्णांनी हात पुढं केला. दर वेळी ते सही करण्याआधी कागद हातात घेऊन त्याच्या कडेवरनं अंगठा फिरवायचे. सबंध आयुष्य तिकिटांच्या गठ्ठ्यात गेलेलं, ती त्यांची सवयच होती. त्यांनी अंगठा फिरवला. मग थांबले. पुन्हा एकदा फिरवला.

“यंदा कागद पातळ लागतोय.”

“आता कॉम्प्युटरवर असतं सगळं, अण्णा.”

“आसं,” ते म्हणाले. थोडा वेळ तो कागद तसाच त्यांच्या हातात होता. मग म्हणाले, “हौसे, बोट ठेव गं कुठं सही करायची त्यावर.”

आक्कानं बोट ठेवलं. अण्णांनी सही केली, खाली आक्कानं केली, आणि मी वाटीभर शिरा खाऊन वर आलो. शिरा खाल्ला, हे मी मुद्दाम सांगतोय. सांगायची लाज वाटते म्हणूनच सांगतोय.

पाच दिवसांनी मी त्यांना सांगायला गेलो. वाक्य घोकून गेलो होतो.

“अण्णा, घर पाडायचं ठरलंय. महिनाअखेर जागा मोकळी करावी लागेल.”

आक्का मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिनं वर बघितलं. “कंच्या महिन्याअखेर?”

“याच. आठ दिवस आहेत.”

“आरं, परवा तर करार केलाय की आपण! अकरा महिन्यांचा!”

आक्कानं परात बाजूला सारली. “दिगू, मी काय इचारतेय? आठ दिवसांत ह्यास्नी घेऊन कुठं जाऊ मी? नव्या घरात कॉटवरनं उठायला ह्यास्नी दोन महिनं लागतील. ठावं हाय न्हवं तुला? टोपणं तूच ठोकलीस की रं!”

“हौसे, थांब,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “दिगू, एक इचारतो. तू शिकलेला हाईस, खरं सांग. मुदत संपली, मालकानं जा म्हटलं, तर आमच्यासारख्याला काय हक्क आसतो का रं? लई न्हाई. पावलं मोजण्यापुरता. म्हैना दोन म्हैनं.”

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. वकिलांच्या शब्दांत माहीत होतं. सांगलीच्या त्या गल्लीत त्या दिवशी ते फक्त मलाच माहीत होतं.

“नाही अण्णा,” मी म्हणालो. “कायद्यात काहीच नाही.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

आक्का ताडकन उठली. “मी न्हाई ऐकायची! तो करार दाखवू कुणाला तरी. कोपऱ्यावरच्या मास्तरास्नी दाखवू, वकिलाला दाखवू!”

“काय दाखवणार हौसे? करार न्हवताच तो.”

आक्का गर्रकन त्यांच्याकडं वळली.

“पाच पानं आसत्यात कराराची,” अण्णा म्हणाले. “पयलं जाड, मागनं चार. परवा एकच कागद हुता. एकच पान मागंफुडं करत हुता त्यो. ऐकू येत हुतं मला.”

“आन् तरी सही केलीसा?” आक्काचा आवाज फुटला. “कशाला केलीसा वो?”

अण्णांनी मान माझ्या दिशेनं वळवली. त्यांचे ते डोळे माझ्या खांद्याच्या जरा वर कुठंतरी लागले होते.

“पंधरा वर्सं ह्या पोरानं वाचलं आन् मी सही केली. म्हटलं, आता बोटाला लागलं ते खरं मानायचं, का आपल्या पोरानं वाचलं ते? मी पोराचं खरं मानलं. माझं चुकलं आसंल.”

मला तेव्हा त्यांचे पाय धरता आले असते. कागद वरच्या खोलीत होता, आणून टराटरा फाडता आला असता. नाहीतर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की अण्णा, तुम्ही बसा, मुदत संपली तरी तुम्हाला कुणी असं काढू शकत नाही, मीसुद्धा नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. माझ्या तळव्याखाली ते सोड्याचं टोपण होतं. मी हात काढून घेतला आणि वर निघून गेलो.

आठव्या दिवशी टेम्पो आला. सामान फारसं नव्हतंच. अण्णा सगळ्यात शेवटी निघाले. एकटेच न्हाणीपर्यंत गेले, तिथून मागच्या दाराशी, तिथून स्वयंपाकघरात, आणि कुठंही न अडखळता बाहेर आले. पेरूच्या झाडाला त्यांनी नुसता हात लावला. तिथून फाटक बावीस पावलं. ती बावीस पावलं ते ताठ चालले. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि त्यांचा हात हवेत पुढं गेला, आधार शोधत. आक्कानं तो धरला. गॅलरीतून मी एवढं बघितलं आणि आत आलो.

बिल्डरचं म्हणाल, तर त्याचं त्याच्या भागीदाराशी बिनसलं. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, दसरा गेला. दीड वर्ष खालच्या दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या. अण्णांनी दोनच महिने मागितले होते. कुलूप काढून मी अधूनमधून आत जायचो. केर निघत नव्हता, कोळ्यांनी जाळी केली होती, पण आक्काच्या चटणीचा वास काही गेला नव्हता. एकदा मी डोळे मिटून कॉटच्या जागेपासून सात पावलं चाललो. दार हाताला लागलं. टोपण बरोबर तळव्याखाली आलं. मी तिथंच खाली बसलो आणि बराच वेळ रडलो. कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडलो.

भर चैत्रात, त्यांनी घर सोडून वर्ष उलटल्यावर, अण्णांच्या नावानं एक पत्र आमच्या पत्त्यावर आलं. कसल्याशा निवृत्तिवेतनाचं असावं. ते परत पाठवता आलं असतं, पोस्टमनला नवा पत्ता सांगता आला असता. पण मला निमित्त हवं होतं. वाचून दाखवायला मी जाईन, असं मी मनाशी ठरवलं. पत्र वाचीन आणि मग बाकीचं सगळं सांगीन. हक्क होता अण्णा, तुम्हाला हक्क होता, मी खोटं बोललो, हे सांगीन.

नवं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. एकच खोली. दुपारचे दोन वाजले होते. दार उघडंच होतं. कॉटच्या पायाला बांधलेली पिवळी नायलॉनची दोरी पार न्हाणीच्या दारापर्यंत गेली होती. भिंती कोऱ्या होत्या. एकही खिळा नव्हता. नवा मालक नववं कलम खरंच पाळायला लावत असणार. अण्णा कॉटवर बसले होते, पाय वर घेऊन. निम्मे झाले होते. कॉटला टेकवून एक काठी ठेवलेली होती. आमच्या घरात त्यांनी कधी काठी वापरली नव्हती.

आक्का दाराशी आली. तिनं मला बघितलं. ती किंचाळली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. नुसती बघत राहिली. मी पाकीट पुढं केलं, ते तिनं घेतलं.

“कोण हाय गं?” अण्णांनी आतून विचारलं.

पंधरा वर्षांत त्यांनी माझ्या बाबतीत हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

“कुणी न्हाई,” आक्का म्हणाली. “पत्र द्यायला आलाय कोण तरी.”

“आत बोलीव की. वाचून दाखवंल.”

आक्का माझ्या डोळ्यांत बघत होती. “त्येला वाचायला येत न्हाई,” ती म्हणाली.

मी वळलो. दोन पायऱ्या उतरलो असेन, तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला, “हौसे, मग पाणी तरी दे त्येला. उन्हाचा आलाय.”

भांड्याचा आवाज झाला. आक्का पेला घेऊन बाहेर आली. तोच तांब्याचा पेला. माझ्याकडं न बघता तिनं तो पुढं धरला. मला तिथून पळून जायचं होतं, म्हणून मी तो घेतला आणि भराभर प्यायला लागलो.

“सावकाश पी म्हणावं,” आतून अण्णा म्हणाले. “घाईनं पिला की ठसका लागतोय त्येला.”